तुझी आई कशाला हसली होती

आमच्या घरात एक गोष्ट आहे. ती मी सांगतो आणि बाकीचे ऐकतात, निदान ऐकल्यासारखं करतात. गोष्ट अशी : नागपूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना सबमिशन संपल्याच्या आनंदात आमचा अख्खा वर्ग सिनेमाला गेला. परदेशी सिनेमा, हिंदीत डब केलेला, कॉलेजच्या पोरांचा, धमाल विनोदी. वर्गात मुली सात. त्यातल्या सहा अर्ध्यातच नाकं मुरडून उठून गेल्या. सातवी बसली. नुसती बसली नाही, चांगली खळखळून हसली. मागच्या रांगेत मी ते हसणं ऐकलं आणि तिथल्या तिथे ठरवलं की हीच. सहा वर्षांनी लग्न झालं.

ही गोष्ट मी आमच्या लग्नात सांगितली, मुलीच्या बारशाला सांगितली, आणि बेंगळुरूला व्हाइटफील्डमध्ये आल्यापासून सोसायटीच्या गणपतीत दर वर्षी सांगतो. इथे श्रोत्यांचा तुटवडा पडत नाही. पुण्या-मुंबईची कुटुंबं कंपनी बदलली की येतात, पुन्हा बदलली की जातात, त्यामुळे मांडवात दर वर्षी दोन-तीन तरी कोरे कान असतात. मुलगी लहान होती तेव्हा तिला झोपवायलाही हीच गोष्ट कामाला यायची. तिने गोष्टीला नाव दिलं होतं ‘आई हसली’. मी सांगत असताना बायको कधी मध्ये बोलत नाही. पोळ्या लाटत असेल तर पोळ्या लाटते. ती लाजते, असं मी समजत होतो.

मी धंद्याने टेस्टर. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि त्यांची यादी त्यांच्याच हातात द्यायची, हे माझं काम. माझ्या नजरेतून चूक सुटत नाही असं माझं मत आहे. ते माझं एकट्याचंच आहे, पण ठाम आहे.

परवाच्या उन्हाळ्यात मुलीची बारावी संपली. इकडे तिला सेकंड पीयू म्हणतात. परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी ती मैत्रिणींबरोबर मॉलमध्ये सिनेमाला गेली. नवाकोरा, कॉलेजच्या पोरांचा, विनोदी. जाताना नाचत गेली आणि येताना चपला दारात फेकून आली.

“काय झालं गं?” मी विचारलं.

“बाबा, चार मुलं आहेत त्यात. प्रत्येकाला एकेक स्वभाव दिलाय. मुली पाच. त्यांना मिळून एकच स्वभाव आहे, आणि तोही फक्त तिघींना. बाकीच्या दोघी नुसत्या वळून बघतात.”

“विनोदी सिनेमा आहे तो. एवढं काय मनावर घ्यायचं?”

“हसायला मिळेल म्हणून तर गेले होते! वर्षभर फिजिक्स केलं मी. मला दोन तास हसायचं होतं. एकदा पण नाही हसले. एका मुलीला तर फक्त जाडी आहे म्हणून आणलीय. ती येते, खुर्ची मोडते, जाते.” तिचा चेहरा खरंच पडला होता. पैसे वाया गेल्याचा राग नव्हता तो, कोणीतरी मुद्दाम हिरमोड केल्यासारखं होतं.

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण बाप झाल्यावर माणसाला एक खोड लागते. आपल्या वेळचं सगळं चांगलं होतं हे पटवून दिल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नाही. मी म्हणालो, “आताचे सिनेमे वाह्यातच. आमच्या वेळचा बघ. निखळ विनोद म्हणजे काय ते कळेल.”

“कुठला? ‘आई हसली’वाला?”

“तोच.”

मुलीचे डोळे चमकले. इतकी वर्षं गोष्ट ऐकली, पण आई नेमकी कशाला हसली हे तिला माहीतच नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही धड आठवत नव्हतं. माझ्या आठवणीत चार जिवलग मित्र होते, एक खटारा गाडी होती आणि शेवटी डोळ्यांत पाणी होतं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “दाखव की. बघू दे तिलाही.” मला ते प्रोत्साहन वाटलं.

सिनेमा मोबाइलच्या एका ॲपवर सापडला, हिंदी आवाजासकट. ते ॲप टीव्हीवर लावलं. रविवारी चार वाजता बसायचं ठरलं. चारला शेजारच्या अक्का आल्या, कारण रविवारी चारला त्या येतातच. अक्का मूळच्या निपाणीच्या, शाळेत मास्तरीण होत्या. लेकाबरोबर बेंगळुरूला येऊन तीस वर्षं झाली. आधी बसवनगुडीत आणि आता आमच्या मजल्यावर. मराठी आणि कन्नड त्यांच्या तोंडात एकाच पातेल्यात शिजतात.

“कसला पिच्चर लावलाय? बघूया की स्वल्प,” म्हणत त्या खुर्चीत बसल्या. ‘स्वल्प’ म्हणजे थोडंसं. अक्कांचं थोडंसं दोन तास चालतं.

मी यजमान, म्हणून सोफ्याच्या मधोमध. एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला बायको, समोर चिवडा. सिनेमा सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला मला घाम फुटला.

त्या सिनेमात पोहण्याचा एक तलाव होता. माझ्या आठवणीत तलाव अजिबात नव्हता. आठवणीने सेन्सॉरचं काम चोख बजावलं होतं. तलावातून मुली बाहेर यायच्या, सावकाश यायच्या, एक बाहेर आली की कॅमेरा दुसरीला आणायला परत आत जायचा. चार पोरं झुडपामागे बसून बघत होती आणि ही पोरं म्हणजे म्हणे माझे ते जिवलग मित्र. नशिबाने रिमोट माझ्या हातात होता. मी दाबला.

“बाबा, पुढे का ढकलतोयस?”

“हा भाग जरा संथ आहे.”

“संथ कुठला?” अक्का म्हणाल्या. “धावत होत्या की त्या पोरी.”

मग मी धोरण ठरवलं. ज्यात धोका दिसेल ते ढकलायचं आणि निखळ विनोद लागला की थांबायचं. अडचण एवढीच झाली की थांबायला जागा सापडेना. एका ठिकाणी थांबलो तर मास्तरीणबाईंच्या टेबलाखाली कोणीतरी आरसा ठेवत होतं. पुन्हा ढकललं. दुसरीकडे थांबलो तर एका जाड मुलीखाली खुर्ची मोडली आणि आमच्या मुलीने माझ्याकडे फक्त मान वळवून पाहिलं. ढकललं. अर्ध्याहून जास्त सिनेमा मी वीस मिनिटांत संपवला.

जे काही उरत होतं त्यावर अक्का प्रश्न विचारत होत्या. त्यांनी आयुष्यभर वर्गात प्रश्न विचारले आहेत आणि उत्तर आल्याशिवाय त्या पुढे जात नाहीत.

“ही पोरगी कुणाची म्हणायची?”

“कोणाची म्हणजे? ती नायिका आहे, अक्का.”

“ते समजलं. आई-बाप काय करतात तिचे? ही शिकायला कधी जाते? मघापासून केसच उडवाय लागलीय.”

मला सांगता येईना. सिनेमाने तिला आई-बाप दिलेच नव्हते. पुढे चष्म्याची एक हुशार मुलगी आली. एका पोराने तिचा चष्मा काढला, वारा सुटला आणि ती एकदम सुंदर झाली. सगळं कॉलेज बघत राहिलं. अक्का पुढे सरकल्या. “चष्मा काढला खरं, आता तिला फळ्यावरचं दिसणार कसं?”

आमची मुलगी हसून लोळली. मी हसलो नाही. मला राग आला होता, आधी अक्कांचा, मग सिनेमाचा, मग त्या ॲपचा, ज्याने असला कचरा इतकी वर्षं नीट जपून ठेवला. माझ्या शेजारी वहीच्या मागच्या पानावर मुलगी रेघा ओढत होती. विचारलं तर म्हणाली, “हिरोइनची वाक्यं मोजतेय. सात झाली. त्यातली तीन ‘ओह’ आहेत.” चुका मोजायची ही सवय कोणाकडून आली ते सांगायला नको. मी मात्र ह्या सिनेमातली पंचवीस वर्षांत एकही मोजली नव्हती.

आणि मग फळांचं दुकान आलं. चारही पोरं दुकानाच्या ओट्यावर बसली आहेत, समोरून मुली जात आहेत, आणि कोणती मुलगी म्हणजे कोणतं फळ यावर त्यांची चर्चा रंगली आहे. कच्चं कोणतं, पिकलेलं कोणतं, कोणतं दाबून बघायचं. हिंदी करणाऱ्याने त्यात पदरचे आंबेही घातले होते. रिमोटवर बोट दाबलं, पण नेमक्या त्या वेळी ॲपचं चक्र फिरत बसलं आणि पडदा त्याच चित्रावर अडकला : चार पोरं, एक मुलगी, कलिंगडं.

मुलगी शांतपणे म्हणाली, “बाबा, यांना पण कन्नड येत नाही वाटतं.”

अक्का अशा हसल्या की त्यांची कवळी सावरावी लागली. बायकोही हसली. मी कानापर्यंत लाल झालो. ह्याचा खुलासा करायला हवा.

कन्नडमध्ये फळाला ‘हण्णु’ म्हणतात आणि बाईला ‘हेण्णु’. फरक एका मात्रेचा. पुण्याचा माणूस कदाचित तरून जाईल, पण नागपूरकराची जीभ अर्धी हिंदीत वाढलेली. आम्ही ‘रहना’ला ‘रेहना’ म्हणतो, ‘कहना’ला ‘केहना’. ‘ह’च्या आसपासचा ‘अ’ आमच्या तोंडात सरळ राहतच नाही. इथे आलो त्या वर्षी ऑफिसच्या कन्नड वर्गात चार धडे झाल्याबरोबर मी फाटकाजवळच्या फळांच्या गाडीवर गेलो. गाडीवर एक बाई, गिऱ्हाइकं सहा-सात, माझ्या कडेवर मुलगी. मी खणखणीत आवाजात विचारलं, “अक्का, हेण्णु एष्टु?” म्हणजे फळं कशी दिली? असं मला वाटलं. प्रत्यक्षात मी भर रस्त्यात बाईचा भाव विचारला होता.

गाडीवाल्या बाईने हातातली सुरी खाली ठेवली. मला नखशिखांत पाहिलं आणि म्हणाली, “यारु बेकु सार? नाना?” कोण पाहिजे साहेब, मी? गिऱ्हाइकं खो खो हसली. मी अर्थ न कळून मान डोलावली आणि दोन डझन केळी घेऊन घरी आलो. शेजारच्या अक्कांनी अर्थ सांगितला तेव्हा मी तीन महिने त्या फाटकातून गेलो नाही. मागच्या बाजूने जायचो.

तर हे सगळं त्या एका वाक्यात होतं. यांना पण कन्नड येत नाही. पंचवीस वर्षं जुन्या त्या सिनेमावरून आमच्या घरात झालेला पहिला खरा विनोद हा, आणि तो सिनेमात नव्हता. सगळे हसत होते. इतका वेळ अंगावर आलेला ताण जरा सैल झाला, आणि मला वाटलं, चला, निभावलं. त्या आनंदात माझी जीभ सुटली. ती सुटली की नुसती मात्राच चुकते असं नाही, सगळंच चुकतं.

“हाच तो सीन!” मी पडद्याकडे बोट दाखवून ओरडलो. आत्ताच आठवलं होतं मला. “ह्यालाच तुझी आई हसली होती!”

हसणं थांबलं. अडकलेला पडदा सुटला आणि चौघांतला एक पोरगा एका मुलीला डाळिंब म्हणाला. आमच्या मुलीने माझ्या पुढून वाकून आईकडे पाहिलं.

“आई? तू ह्याला हसलीस?”

अक्कांनी चष्मा पुसला, उठल्या, पदर सावरला. “सरी, बरंय, येते मी. नळाला पाणी येईल,” म्हणाल्या आणि गेल्या. आमच्या इमारतीत पाणी चोवीस तास असतं.

बायकोने माझ्या हातातून रिमोट घेतला आणि आवाज बंद केला. “हसले की,” ती म्हणाली. “ह्यालाच हसले.”

“पण का?” मुलीचा आवाज बदलला होता. सिनेमावर ती चिडली होती, पण हे चिडणं नव्हतं. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट तिच्या हातातून निसटत होती, आणि माझ्याही. “बाकीच्या सहा जणी गेल्या ना? मग तू का नाही गेलीस?”

“जाणारच होते. माझी रूममेट पहिली उठली. तिने माझा हात धरून ओढला. मी सोडवून घेतला.”

मला ती रूममेट आठवली. वर्ध्याची, उंच, वर्गात पहिली यायची. त्या सिनेमानंतर आम्ही तिला ‘सोवळं’ म्हणायला लागलो. ती वर्गात शिरली की मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणायचं, सोवळं आलं, सरका. पुढची अडीच वर्षं. नाव मी ठेवलं होतं.

“काऊन उठू?” बायको आता माझ्याकडे वळली. ती मनापासून चिडली की भाषेने नागपूरला जाते. “तुम्ही पन्नास जण मागे बसून होते. उठले असते तर दुसऱ्या दिवशी तुमच्यातच यायचं होतं ना वर्गात? लॅबमध्ये माझ्या टेबलावर तिन्ही पोरं होती. मी एकटी.”

“मग नुसतं बसायचं,” मुलगी म्हणाली. “हसायचं कशाला?”

“नुसती बसले असते ना, तर पाठीमागून कोणीतरी विचारलं असतं, ‘काय मॅडम, समजलं नाही का? समजावू का?’ हसले की विषय संपला. म्हणून हसले. जोरात हसले, म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल.”

शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं होतं. तिथेच मी बसलो होतो, आणि आयुष्याचा जोडीदार मिळाल्याच्या आनंदात शेजारच्याच्या पाठीत धपाटा घातला होता.

“आणि रूममेट?” मुलीने विचारलं.

“आठ दिवस बोलली नाही माझ्याशी. एका खोलीत राहून. त्याच आठवड्यात तुझ्या बाबाने मला पहिल्यांदा चहाला विचारलं. म्हणाला, तू त्या बाकीच्यांसारखी नाहीस.”

हे वाक्य मला पाठ आहे. गणपतीच्या मांडवात गोष्टीचा शेवट मी ह्याच वाक्याने करतो आणि तिथे टाळ्या पडतात. मला फार वाईट वाटलं. घाईघाईने सारवासारव करायला गेलो. म्हणालो, “अगं, पण मला कुठे माहीत होतं? तू सांगितलं का नाहीस कधी?”

“कधी सांगू? तू सांगत असतोस ना.”

मुलीने आमच्या समोरची चिवड्याची वाटी उचलून खाली ठेवली आणि मांडी घालून माझ्या समोर बसली. पडद्यावर आवाज नसलेली पोरं अजून टाळ्या देत होती.

“मला एक सांग,” बायको म्हणाली. आवाज शांत होता, अगदी दुधाचा हिशेब विचारावा तसा. “मी त्या दिवशी तिच्याबरोबर उठून गेले असते, सहाच्या जागी सात, तर विचारलं असतंस मला चहाला?”

“हो,” मी म्हणालो.

म्हणालो खरा, पण लगेच म्हणालो नाही. आधी मी खरोखर विचार केला, आणि तो करताना त्या दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“कर, कर विचार,” बायको म्हणाली आणि चहा टाकायला उठली. “मला काही घाई नाही.”